आधी टायर, मग फ्रेम

जुन्या घाटाची क्रूझर सायकल स्वतः जुळवायची म्हटली की पहिला प्रश्न फ्रेमचा येतो, आणि बहुतेक जण तिथेच फसतात. मोबाइलवर पाहिलेल्या फोटोतली बाकदार नळी, लांबलचक पसारा, रुंद हँडल डोळ्यांत भरलेलं असतं. तसलं काही भंगारात किंवा कुणाच्या गोठ्यात सापडलं की फ्रेम उचलायची, रंग खरवडायचा. टायर येतो महिन्याभराने, आणि तेव्हा कळतं की तो मागच्या दोन नळ्यांमध्ये शिरतच नाही. मग ग्राइंडर निघतो, हातोडी निघते आणि चांगली फ्रेम कायमची बिघडते.

या लेखात सिहोऱ्यासारख्या गावात राहणाऱ्याला कोणकोणत्या फ्रेमी मिळू शकतात, त्यांत काय जमतं आणि काय नाही, याचा आढावा घेतो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: टायर ठरल्याशिवाय फ्रेम पाहायलाच जाऊ नये. आणि टायर कोणता, हे गावाभोवतालची जमीन सांगते.

भंडारा जिल्ह्यात तुमसर-बपेरा रस्त्यावरचं सिहोरा हे धानाच्या पट्ट्यातलं गाव. पुढे गेलं की मध्य प्रदेशची हद्द. मुलूख बहुतांशी सपाट. चांदपूरच्या तलावाकडे थोडी डोंगराची बाजू आहे, गायमुख-आंबागडाकडे चढ लागतात, पण रोजच्या फिरण्याला एक गिअर पुरतो. क्रूझर मुळात बिनगिअरचीच, त्यामुळे ती इथे शोभते. अडचण चढाची नसून चिखलाची आहे. रोवणीच्या दिवसांत पांदणीतून गेलेली सायकल पाहा. बांधीतली काळी माती टायरला चिकटते, टायरबरोबर फिरत मडगार्डखाली जाते, तिथे दाबली जाते, आणि शंभर पावलांत चाक जाम होतं. लोक काडीने माती उकरतात, पुन्हा निघतात, पुन्हा थांबतात. उंच आणि बारीक चाक या चिखलात कापत जातं. रुंद टायर वरवर तरंगतो खरा, पण माती दुप्पट गोळा करतो. उन्हाळ्यात मात्र उलटं: पांदणीतल्या भुसभुशीत धुळीत, नदीकाठच्या वाळूत बारीक टायर रुततो आणि फुगीर टायर आरामात निघतो. म्हणजे सायकल चारही महिने पावसात शेतावर न्यायची आहे, की हिवाळ्या-उन्हाळ्यात संध्याकाळी चांदपूरला फेरी मारायला हवी आहे, हे आधी ठरवायला हवं.

आता आकडे. टायरच्या कडेला ठळक अक्षरांत इंच असतात आणि जवळच बारीक उठावाच्या अक्षरांत मिलिमीटर. इंच विसरून मिलिमीटर वाचावेत. आपल्याकडच्या काळ्या उभ्या सायकलीचा २८ बाय दीडचा टायर म्हणजे ४०-६३५: रुंदी ४० मिलिमीटर, आणि रिमच्या ज्या कडेवर टायर बसतो तिचा व्यास ६३५. अमेरिकन घाटाच्या क्रूझरचा २६ बाय २.१२५ म्हणजे ५४-५५९. मधल्या '२६' मध्ये तर गोंधळच आहे. २६ बाय १ ३/८ चा व्यास ५९०, २६ बाय दीडचा ५८४ आणि फुगीर सव्वीसचा ५५९. तिन्हींना दुकानात 'सव्वीस'च म्हणतात, आणि एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर चढत नाही. दुकानदाराने जोर लावून चढवून दाखवला तर समजावं की पैसे गेले.

६३५ आणि ५५९ यांत ७६ मिलिमीटरचा फरक आहे. म्हणजे उभ्या सायकलीच्या फ्रेममध्ये फुगीर सव्वीसचं चाक घातलं तर रिमची कड दोन्ही बाजूंनी ३८ मिलिमीटर आत सरकते. टायर जाड असल्याने ही कसर थोडी भरून निघते, तरी चाकाची एकूण त्रिज्या दोनेक सेंटिमीटरने कमीच राहते. पायडल तितकं जमिनीजवळ येतं. ते चालतं. चालत नाही ते ब्रेकचं. उभ्या सायकलीचा रॉड ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला खालून वर दाबतो; रिम ३८ मिलिमीटर सरकली की त्याचे गट्टू तिला भेटतच नाहीत. आणि त्याहून न चालणारी गोष्ट म्हणजे रुंदी. चाळीसच्या टायरसाठी घडवलेल्या मागच्या नळ्यांत दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-चार मिलिमीटर जागा सोडलेली असते. लहान चाकाचा टायर जिथे नळ्या किंचित फाकलेल्या असतात तिथे येतो, म्हणून थोडी जागा वाढते, पण चोपन्नचा टायर त्यात बसवणं बहुतेक उभ्या फ्रेमींत अशक्य आहे. बसला तरी चाक जरा वाकडं झालं की नळीला घासणार, आणि चिखलात तर बोलायलाच नको. दोन्ही बाजूंना किमान सहा-सहा मिलिमीटर मोकळे हवेत. फ्रेम घ्यायला जाताना खिशात मोजपट्टी असावी आणि चाक जिथे येणार तिथे नळ्यांमधलं आतलं अंतर मोजावं. ६६ च्या खाली असेल तर फुगीर टायरचा नाद सोडावा.

फुगीर टायर आला कुठून, हे कळलं की पुढची निवड सोपी होते. १८९५ साली शिकागोत इग्नाझ श्विन या जर्मन कारागिराने सायकलचा कारखाना काढला. १९३० च्या मंदीत अमेरिकेतली सायकल म्हणजे लहान मुलांची वस्तू उरली होती, आणि मुलं ती फुटपाथवरून उडवून मोडत. श्विन कंपनीने १९३३ मध्ये २.१२५ इंची फुगीर टायरची सायकल बाजारात आणली. नंतर त्याच दशकात बाकदार जादा नळ्यांची, कँटिलिव्हर म्हणून ओळखली जाणारी फ्रेम आली. मोटारसायकलची नक्कल हा या सगळ्याचा पाया होता. दोन आडव्या नळ्यांच्या मधे पेट्रोलच्या टाकीसारखी पत्र्याची खोटी टाकी बसवत आणि तिच्यात भोंगा ठेवत. १९४९ च्या ब्लॅक फँटमवर तर क्रोमचा इतका मारा होता की सायकल आहे की लग्नाचा बँड, असं वाटावं. पुढे हलक्या इंग्रजी सायकलींनी या जड गाड्यांना मागे टाकलं आणि त्या भंगारात गेल्या.

भंगारातून त्या परत आल्या सत्तरच्या दशकात. कॅलिफोर्नियाच्या मरिन परगण्यातल्या काही पोरांनी श्विनच्या जुन्या फ्रेमी उचलल्या, फुगीर टायर ठेवले, टाकी-मडगार्ड फेकून दिले आणि डोंगराच्या कच्च्या वाटेने खाली सुसाट सोडल्या. रिपॅक नावाच्या उतारावरची पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ ची. मागच्या चाकाचा ब्रेक उतरताना इतका तापे की आतलं ग्रीस जळून जाई आणि दर खेपेला हब नव्याने ग्रीसने भरावा लागे; उताराचं नावच त्यावरून पडलं. याच मंडळींनी पुढे त्या उतारासाठी नव्या फ्रेमी घडवल्या, आणि त्यातून माउंटन बाइक जन्मली. तीच आपल्याकडे नव्वदच्या दशकापासून गावोगाव 'रेंजर' या नावाने फिरली. हीरोच्या एका मॉडेलचं नाव, पण लोक कोणत्याही जाड टायरच्या सायकलीला रेंजरच म्हणतात.

हे सांगायचं कारण असं की तुमसरच्या भंगाराच्या दुकानात गंजत पडलेली रेंजरची फ्रेम ही अमेरिकन क्रूझरची थेट वंशज आहे. ५५९ चं चाक, रुंद टायरला जागा, जाड पोलादी नळ्या, सगळं त्याच घराण्यातलं. क्रूझर बांधणारे हौशी लोक तिच्याकडे तुच्छतेने पाहतात, ते मला पटत नाही. फुगीर टायर हवाच असेल तर सिहोऱ्यात बसून मिळणारी सगळ्यांत योग्य फ्रेम हीच.

मात्र रेंजरमध्येही निवड आहे. बिनगिअरची, पुढे शॉकअप नसलेली, सरळ चिमट्याची (फोर्कची) जुनी फ्रेम शोधावी. गिअरच्या फ्रेमींत मागचं चाक अडकवायची खाच बऱ्याचदा उभी असते. चेन ताणायला चाक मागे ओढता येत नाही, आणि एका गिअरच्या सायकलीची चेन सैल पडत राहते. बिनगिअरच्या रेंजरला आडवी खाच असते. दुसरं, मागच्या दोन खाचांमधलं अंतर. एका गिअरचा हब साधारण ११० मिलिमीटरचा, गिअरच्या फ्रेममध्ये जागा १३०-१३५ ची. नट आवळून फ्रेम दाबत आणण्यापेक्षा एक्सलवर वॉशर घालून जागा भरावी. मधोमध शॉकअप असलेल्या, ज्यांत फ्रेमचे दोन तुकडे स्क्रूवर हलतात, त्या फ्रेमी फुकट मिळाल्या तरी घेऊ नयेत. क्रूझरसाठी त्यांचा काडीचा उपयोग नाही.

रेंजरची उणीव दिसण्यात आहे, हे मान्य करायला हवं. वरची नळी मागे उतरती, अंगठ्याएवढं वेल्डिंग उघडं दिसणारं, चाकांमधलं अंतर आखूड. बसल्यावर माणूस पुढे झुकतो. उंच, मागे वळलेलं हँडल आणि मागे वाकलेला सीटचा दांडा लावला की बसणं बरंच सुधारतं, दिसणं अर्धंच. चेनकव्हर आणि भरीव मडगार्ड लावले तर उरलेलं अर्धंही झाकलं जातं. ज्याला ओळखीच्या माणसाने लांबून पाहून 'अरे, ही जुनी कुठून आणली?' असं म्हणायला हवंय, त्याने रेंजरच्या वाटेला जाऊ नये. त्याच्यासाठी उभी काळी सायकल आहे.

आणि तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे जुनी सायकल म्हणजे हीच. इंग्रजी रोडस्टरचा हा साचा. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलीस काढणारी टीआय, १९५१ मध्ये सोनीपतची अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियानाची हीरो. नावं वेगळी, डोक्यावरचे पितळी-अ‍ॅल्युमिनियमचे बिल्ले वेगळे, फ्रेम मात्र सगळ्यांची जवळपास एकच: डोक्याची (हँडलखालची) आणि सीटची नळी आजच्या सायकलींपेक्षा बरीच कलती, चाकांमधलं अंतर लांब, मागचा भाग लांब. म्हणजे क्रूझरमध्ये ज्या गोष्टींसाठी लोक पैसे मोजतात त्यांतल्या बहुतेक इथे आधीच आहेत. ताठ बसणं, खड्ड्यात न उसळणं, हात सोडला तरी सरळ जाणं. तिला अमेरिकन सोंग द्यायची गरज नाही. २८ चीच चाकं ठेवा, मलईच्या रंगाचे टायर मिळाले तर घाला, हँडल रुंद करा, चामड्याची स्प्रिंगची सीट लावा. फुगीर टायरचा हट्ट सोडला की हिच्याइतकी चांगली फ्रेम दुसरी नाही, आणि रोवणीच्या चिखलात ती रेंजरपेक्षा चांगली चालेल.

माप मात्र पाहून घ्यावं. उभ्या सायकली मुख्यतः २२ आणि २४ इंची फ्रेममध्ये येतात. हे माप सीटच्या नळीचं. २८ च्या चाकांवर २४ इंची फ्रेमची दांडी जमिनीपासून सुमारे ३४ इंचांवर येते, २२ इंचीची सुमारे ३२ वर. उभं राहून दांडी दोन पायांत घेतल्यावर इंच-दोन इंच मोकळे राहायला हवेत. आपल्याकडच्या सर्वसाधारण उंचीच्या माणसाला २२ इंची पुरते. गावातल्या कित्येक पिढ्या २४ इंचीवर कैची मारत शिकल्या, म्हणून ती चालवता येणार नाही असं नाही. पण थांबताना दरवेळी एका बाजूला झुकून पाय टेकवणं म्हणजे क्रूझरच्या आरामाची थट्टा आहे.

या घराण्यातली एक फ्रेम दुर्लक्षित राहते. ती म्हणजे डबल दांडीची. पोती आणि दुधाचे कॅन वाहायला केलेली, वरच्या दांडीखाली दुसरी समांतर दांडी असलेली. वजनाला जड, बहुधा २४ इंचीच, आणि वापरून वापरून पिचलेली. पण दोन दांड्यांमधली ती लांबट मोकळी जागा पाहिली की अमेरिकन गाड्यांची खोटी टाकी आठवते. पत्रे कापणाऱ्याकडून पुठ्ठ्याच्या साच्यावर दोन बाजू कापून घेतल्या, कडा वळवल्या आणि आतून क्लॅम्पने अडकवल्या की टाकी तयार. फ्रेमला भोक पाडायचं काम नाही. उंच माणसाला जुन्या घाटाचं काही हवं असेल तर ही फ्रेम मी पहिल्या नंबरवर ठेवीन. भार वाहिलेल्या फ्रेमला सीटखालच्या सांध्यात आणि मागच्या खाचांजवळ तडे जातात, तेवढं नीट पाहावं.

लेडीज फ्रेम हा तिसरा प्रकार, आणि क्रूझरच्या बाकाला खरं तर हीच सगळ्यांत जवळची. वरची नळी खाली वळलेली, चढ-उतार सोपा, गुडघे दुखणाऱ्या माणसालाही सोयीची. मोठ्या वजनाच्या माणसाने जोर लावला की ती थोडी पिळवटते, कारण त्रिकोण पूर्ण नसतो. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. शिवाय या फ्रेमी बऱ्या अवस्थेत सापडतात. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. शाळा संपल्यावर त्यांतल्या कित्येक घरात उभ्या राहतात. घरच्यांनी राजीखुशीने विकली तर ठीक, पण धाकटी बहीण शाळेत जाणारी असेल त्या घरातून सायकल मागू नये.

बाकीचे पर्याय थोडक्यात. परदेशी क्रूझरची तयार फ्रेम, म्हणजे इलेक्ट्रासारख्या कंपन्यांची, पैसे असतील तर उत्तम. पाय पुढे टाकून, सीटवर बसल्या बसल्या दोन्ही तळवे जमिनीला टेकवण्याची सोय त्यांत असते, आणि ती इतर कोणत्याही फ्रेममधून काढता येत नाही. पण अशी फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची असली आणि तिला तडा गेला तर गावातला गॅस वेल्डर हात लावू शकणार नाही. बांबूची फ्रेम भंडारा-गोंदियाच्या माणसाला साहजिकच खुणावते. पुण्यात हवाई दलातून निवृत्त झालेल्या शशिशेखर पाठक यांनी 'बांबूची' या नावाने अशा सायकली घडवल्या आहेत. बांबू धक्का छान पचवतो. कसब सगळं सांध्यांत असतं, आणि ते सांधे एका उन्हाळ्यात शिकता येण्यासारखे नाहीत.

आणि मग राहतो गावोगावच्या हौशी कारागिरांचा आवडता मार्ग: पाइप वाकवून फ्रेम स्वतःच बनवणं. मी याच्या विरोधात आहे. खिडकीची ग्रिल आणि ट्रॉलीचा सांगाडा उत्तम करणारा माणूस सायकलची फ्रेम चांगली करेलच असं नाही. सायकलची नळी सव्वा-दीड मिलिमीटर जाडीची असते. साध्या आर्क वेल्डिंगने एक तर ती फुटते किंवा सांध्याशेजारी ठिसूळ होते. तडा जातो तो बहुधा डोक्याजवळ, खालच्या तिरप्या नळीत, आणि तो गेला की माणूस थेट तोंडावर पडतो. उभ्या सायकलींचे सांधे वेल्ड केलेले नसतात. नळ्या पोलादी सांध्यांत, म्हणजे लगमध्ये, बसवून पितळेने जोडलेल्या असतात. पितळ साधारण नऊशे अंशांवर वितळतं, पोलाद पंधराशेच्या आसपास. नळी न वितळता जोड भरतो. म्हणून जुन्या फ्रेमला काही जोडायचंच असेल तर गॅसच्या ज्योतीवर पितळी कांडीने काम करणारा शोधावा. पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडारा जिल्ह्यात तो शोधायला वणवण करावी लागू नये.

जाता जाता एक खंत. पोलादाला मँगनीज लागतं, आणि तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत. वरठीला सनफ्लॅगचा पोलादाचा कारखाना आहे. १९३५ मध्ये इंग्लंडच्या रेनॉल्ड्सने सायकलसाठी जी ५३१ नावाची नामांकित नळी काढली ती मँगनीज-मॉलिब्डेनमच्या पोलादाचीच होती. आणि आपण फ्रेमसाठी लुधियानाकडे तोंड करून बसतो.

आता फ्रेम तपासायची कशी. दुकानदार सायकल सरळ असल्याचं सांगेल. एक सुतळी त्याहून खरं बोलते. मागच्या डाव्या खाचेला सुतळी बांधायची, ती डोक्याच्या नळीला पुढून वळसा घालून उजव्या खाचेला ताणून बांधायची. सीटच्या नळीच्या दोन्ही बाजूंना सुतळी आणि नळी यांच्यातलं अंतर मोजायचं. सारखं आलं तर फ्रेम सरळ. दोन-तीन मिलिमीटरचा फरक हाताने दुरुस्त होतो, सेंटिमीटरचा फरक असेल तर फ्रेम ठेवून निघावं. नंतर डोक्याच्या मागे खालच्या तिरप्या नळीच्या पोटाला बोट फिरवायचं. तिथे रंगाला सुरकुती किंवा नळीला फुगवटा लागला तर सायकल समोरून आदळलेली आहे. चिमट्याच्या दोन्ही पायांची वरची सरळ बाजू डोक्याच्या नळीच्या रेषेत हवी. मागे गेलेली दिसली तर चिमटा बदलावा लागेल.

गंज बाहेरचा असेल तर घाबरायचं कारण नाही, आतला पाहावा. सीटचा दांडा काढून नळीत टॉर्च मारायचा. पावसाचं पाणी सीटच्या फटीतून उतरतं आणि बीबीत साचतं. बीबी म्हणजे पायडलचा एक्सल बसतो ती खालची आडवी नळी. कित्येक जुन्या फ्रेमी वरून चकचकीत आणि तिथे चाळणी झालेल्या असतात. पान्याने नळीवर हलकेच ठोकत जायचं. खणखणीत आवाज येत असताना मधेच बद्द झाला तर तिथे नळी खाल्ली गेली आहे. सीटचा दांडा निघतच नसेल तर किमतीत ते धरावं, कारण तो काढण्यात एक दिवस आणि एक पाना जाईल.

बीबीचे आटे हा सगळ्यांत मोठा सापळा. उभ्या सायकलीच्या बीबीला इंग्रजी मापाचे आटे असतात, आणि उजवीकडची वाटी उलट्या आट्यांची असते. हे न कळणारा माणूस ती नेहमीच्या दिशेने पिळतो, निघत नाही म्हणून पाइप लावून आणखी पिळतो, आणि आटे घालवतो. भंगारात येणाऱ्या चांगल्या फ्रेमींतल्या बऱ्याच याच कारणाने आलेल्या असतात. वाट्या काढून आत पाहिल्याशिवाय सौदा करू नये. दुकानदार काढू देत नसेल तर आटे गेलेत असं धरून भाव बोलावा. रेंजरमध्ये आणि अमेरिकन क्रूझरमध्ये बऱ्याचदा एकसंध वाकवलेला क्रँक असतो. त्याची बीबी मोठ्या तोंडाची, बिनआट्याची, वाट्या नुसत्या ठोकून बसवायच्या. तिथे आट्यांची कटकटच नाही, हा रेंजरचा आणखी एक फायदा.

ब्रेकचा विचार फ्रेमबरोबरच करायचा. उभी फ्रेम आणि २८ ची चाकं ठेवली तर रॉड ब्रेक आहे तसाच राहू द्यावा. नीट जुळवलेला रॉड ब्रेक कोरड्यात चांगला लागतो, ओल्यात मात्र अंतर ठेवूनच चालवावं. रेंजरवर केबलचे ब्रेक येतात, ते रिमला बरोबर भेटतात. उलटं पायडल मारून लागणारा ब्रेक क्रूझरला शोभतो आणि हँडल मोकळं ठेवतो. जर्मनीच्या टॉर्पेडो हबने १९०३ पासून तो लोकप्रिय केला. आपल्याकडे असा हब मागवावा लागतो. तो लावला तरी पुढचा ब्रेक काढू नये. चेन उतरली की मागचा ब्रेक गेला, आणि तुमसर रस्त्यावर मागून ट्रक असतो.

जी खरी जुनी आहे, हिंदची, सेन-रॅलेची, किंवा महायुद्धाआधीची इंग्रजी, तिला कापू नये. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकल तिथे पाहायला मिळते. अशा सायकलींचं मोल त्यांच्या मूळ रूपात आहे. तुमच्या हाती तसली फ्रेम आली तर बिल्ला, चेनकव्हर, कंदिलाचा आकडा सगळं जपून तिला तशीच चालती करावी आणि क्रूझरसाठी दुसरी फ्रेम शोधावी. अ‍ॅटलसचं तेच. कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला; चांगल्या अवस्थेतली अ‍ॅटलस आता पूर्वीसारखी सहज कापायची वस्तू राहिलेली नाही.

सौदा झाला की फ्रेमचा ठोकलेला नंबर सीटच्या सांध्याजवळ किंवा बीबीखाली शोधून पावतीवर लिहून घ्यावा, विकणाऱ्याची सही घ्यावी. जुनी सायकल चोरीची निघाली तर पोलीस ठाण्यात उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

रंग सगळ्यांत शेवटी. आधी गंजक्या अवस्थेतच सायकल पूर्ण जुळवावी: चाकं, टायर, चेन, मडगार्ड, हँडल, सगळं. आठवडाभर चालवावी. कुठे घासतं, कुठे पाय मडगार्डला लागतो, सीट किती मागे हवी हे तेव्हाच कळतं, आणि कॅरिअरसाठी किंवा टाकीच्या क्लॅम्पसाठी एखादा तुकडा पितळेने जोडायचा असेल तर तो तेव्हाच जोडता येतो. मग सगळं उतरवून रंगाला द्यावी. पावडर कोटिंग करणार असाल तर बीबीचे आटे, डोक्यातल्या वाट्यांच्या जागा आणि मागच्या खाचा उष्णता सोसणाऱ्या टेपने झाकायला सांगा. तिथे रंग बसला तर वाटी जात नाही, आणि खरवडताना पुन्हा आट्यांवरच बेतते.